यंत्राची साक्ष आणि तिचे वाचन : मोटारीच्या निदानभाषेची समीक्षा

संकेत आणि लक्षण यांत भेद आहे. धूर हे अग्नीचे लक्षण होय. 'अग्नी' हा शब्द त्याचा संकेत होय. लक्षण आपल्या कारणाशी निसर्गतः बांधलेले असते; संकेत केवळ समाजाच्या संमतीने अर्थाशी जोडलेला असतो. हा भेद भारतीय दर्शनांना परिचित होता, आणि आधुनिक काळात पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्याची स्वतंत्र मांडणी केली. तथापि लक्षणाला संकेताचा पोशाख चढवला म्हणजे वाचकाची कशी फसगत होते, याचे एक चांगले उदाहरण भाषाभ्यासकांच्या नेहमीच्या वाटेवर नाही. ते मोटारगाडीच्या इंजिनात आहे.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल-वर्षापासूनच्या सर्व हलक्या मोटारगाड्यांत चालकाच्या पुढ्यातील फळीखाली सोळा पिनांची एक खोबण असते. तिला स्कॅनर जोडून इंजिनाच्या संगणकाला प्रश्न विचारता येतात. या व्यवस्थेचे प्रचलित नाव 'ओबीडी-२' असे आहे. तिचा उगम कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळाच्या नियमांत असून, १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने तिला देशव्यापी आधार मिळाला. युरोपात पेट्रोल गाड्यांना अशीच व्यवस्था २००१ पासून लागू झाली. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना तिचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाला. सारांश, महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावातील गॅरेजात आज ही भाषा वाचली जाते. तिच्या वाचनावर मालकाचा पैसा, मिस्त्रीची पत आणि सर्वांची हवा अवलंबून असते. म्हणून तिच्या रचनेची चिकित्सा हा निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हे.

या भाषेचे व्याकरण अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे 'एसएई'ने, 'जे १९७९' या मानकात घालून दिले. तिचा दोषविषयक शब्दकोश 'जे २०१२' या मानकात आहे. या दोन ग्रंथांना एक संहिता मानून प्रस्तुत लेखात तीन प्रश्न विचारले आहेत. ही संहिता कोणत्या प्रकारची विधाने करू देते? त्या विधानांचा आधार ती वाचकाला सांगते काय? आणि जो अर्थ तिच्यातून सर्रास काढला जातो, तो तिने दिलेला असतो काय?

१

प्रथम विधानांचे प्रकार पाहू. 'जे १९७९' मध्ये दहा 'मोड' आहेत. पुढील आवृत्त्यांत त्यांना 'सर्व्हिस' हे नाव मिळाले. 'मोड' हा शब्द सोडला गेला, याची भाषाभ्यासकाला थोडी हळहळ वाटावी. कारण पाश्चात्त्य व्याकरणात त्याच कुळातला शब्द क्रियापदाच्या 'अर्था'साठी वापरतात, आणि मराठी व्याकरणातील स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांच्याशी या दहा मोडांचे नाते खरोखरच जुळते.

पहिला मोड हा शुद्ध स्वार्थी वर्तमानकाळ होय. या क्षणी इंजिनाचे फेरे किती, शीतकाचे तापमान किती, ऑक्सिजन सेन्सरचा दाब किती व्होल्ट, एवढेच तो सांगतो. उदाहरणार्थ, '०१ ०सी' असा प्रश्न केला असता '४१ ०सी १ए एफ८' असे उत्तर येते. उत्तरातील पहिला अंक म्हणजे प्रश्नाचाच अंक षोडशमान पद्धतीतील चाळिसाने वाढवलेला. म्हणजे उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे उत्तरातच नोंदलेले असते. '१ए' म्हणजे २६ आणि 'एफ८' म्हणजे २४८. २६ ला २५६ ने गुणून त्यात २४८ मिळवावे व चाराने भागावे, की मिनिटाला १७२६ फेरे हा अर्थ निघतो. येथे संदिग्धतेला जागा नाही.

दुसरा मोड भूतकाळाचा आहे. दोष नोंदला गेला त्या क्षणीची फेऱ्यांची, भाराची, तापमानाची स्थिती तो गोठवून ठेवतो. तिसरा मोड निश्चित झालेल्या दोषांचे कोड देतो. सातवा मोड प्रलंबित कोड देतो, आणि तो संकेतार्थी आहे : पुढच्या प्रवासचक्रातही हीच चाचणी फसली, तर दोष निश्चित होईल. अनेक दोषांच्या बाबतीत लागोपाठ दोन प्रवासचक्रांत चाचणी फसल्याशिवाय फळीवरील दिवा लागत नाही. या दोन चक्रांमधला संशय सातव्या मोडात व्यक्त होतो. चौथा मोड आज्ञार्थी असून 'पुसून टाक' एवढीच त्याची आज्ञा आहे. आठवाही आज्ञार्थी, त्याने एखाद्या यंत्रणेला चाचणीपुरते चालू किंवा बंद करता येते. पाचवा मोड ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्यांचे निकाल देत असे. संदेशवहनाची 'कॅन' ही पद्धत आल्यावर त्याचे काम सहाव्यात विलीन झाले. सहावा मोड प्रत्येक चाचणीत मिळालेले मूल्य आणि त्याच्या किमान-कमाल मर्यादा सांगतो. नववा गाडीची ओळख, म्हणजे तिचा क्रमांक आणि तिच्या आज्ञावलीची खूण, सांगतो. दहावा, जो '०ए' असा लिहितात, तो कायम कोडांचा, त्याविषयी पुढे.

या सूचीतून एक गोष्ट स्पष्ट होते. या यंत्राला मागितल्याशिवाय बोलण्याची एकच मुभा आहे, ती म्हणजे फळीवरील 'चेक इंजिन'चा दिवा. तो स्थिर पेटला तर दोष आहे. तो लुकलुकू लागला तर मिसफायर इतका तीव्र आहे की उत्प्रेरकाला इजा पोहोचेल. बाकी सर्व बोलणे हे प्रश्नाचे उत्तर आहे, आणि जो प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तरही येत नाही. गॅरेजांतील रूढ व्यवहार पाहिला असता असे दिसते की, दहांपैकी दोनच मोड सर्रास वापरात येतात : तिसऱ्याने कोड वाचावा आणि चौथ्याने पुसावा. उरलेले आठ मोड म्हणजे न वाचलेली पाने होत.

२

आता दोषांच्या शब्दकोशाकडे वळू. प्रत्येक कोड पाच चिन्हांचा असतो आणि त्याची घटना प्रत्ययान्त पदासारखी नियमित असते. पहिले अक्षर यंत्रविभाग दाखवते : 'पी' म्हणजे शक्तिसंच, 'सी' म्हणजे सांगाडा, 'बी' म्हणजे बांधणी, 'यू' म्हणजे अंतर्गत संदेशजाळे. दुसरे चिन्ह शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. तिसरे चिन्ह उपविभाग सांगते. उदाहरणार्थ, तीन म्हणजे प्रज्वलन, चार म्हणजे उत्सर्जन-नियंत्रणाची साहाय्यक साधने. अनेक मोटार-कंपन्यांच्या परस्परविसंगत बोलींच्या जागी अशी एक प्रमाणभाषा उभी करणे ही लहान कामगिरी नव्हे, आणि पुढील टीका करताना तिचे श्रेय नाकारण्याचा हेतू नाही. स्वतंत्र गॅरेजवाल्याला कंपनीच्या दारात न जाता गाडी वाचता येऊ लागली, ती या प्रमाणीकरणामुळेच.

परंतु या शब्दकोशातील व्याख्या वाचताना एक उणीव लगेच जाणवते. त्या सर्व नामवाक्ये आहेत. त्यांत क्रियापद नाही. 'पी ०११८' म्हणजे शीतक-तापमान सेन्सरच्या मंडलात अधिक दाब. 'पी ०१७१' म्हणजे पहिल्या बाजूस मिश्रण अति विरळ. 'पी ०४२०' म्हणजे पहिल्या बाजूस उत्प्रेरकाची कार्यक्षमता मर्यादेखाली. रचनेच्या दृष्टीने ही तिन्ही विधाने एकाच जातीची दिसतात. ज्ञानाच्या दृष्टीने मात्र ती तीन वेगळ्या जातींची आहेत.

पहिले जवळजवळ प्रत्यक्ष आहे. संगणकाने तारेवरील व्होल्ट मोजले आणि ते शक्य त्या कक्षेबाहेर आढळले. दुसरे अनुमान आहे. धुराड्यातील सेन्सरला ऑक्सिजन जास्त आढळला, म्हणून संगणकाने इंधन वाढवले. पुन्हा जास्त आढळला, पुन्हा वाढवले. ही दुरुस्ती ठरावीक सीमेबाहेर गेली, तेव्हा मिश्रण विरळ आहे असा निष्कर्ष त्याने काढला. तिसरे तर अनुमानावरचे अनुमान आहे. उत्प्रेरकाच्या पुढचा आणि मागचा असे दोन सेन्सर असतात. उत्प्रेरक धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो व सोडतो, आणि त्यामुळे मागच्या सेन्सरची चढउतार मंद असते. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वेगाने हलू लागला, यावरून ऑक्सिजनची साठवण घटली असे अनुमान होते. साठवण घटली म्हणून वायूंचे शुद्धीकरण घटले, असे त्यावरचे दुसरे अनुमान होते. संगणकाने अशुद्ध वायू स्वतः मोजलेला नसतो.

जगातील कित्येक भाषांत, 'मी पाहिले' आणि 'मला कळले' यांतील भेद क्रियापदाच्या रूपातच दाखवावा लागतो. तुर्की भाषा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'जे २०१२'च्या भाषेत असे ज्ञानस्रोताचे चिन्ह नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि अनुमानावरचे अनुमान यांना तिने एकच वेष दिला. या संहितेवरचा मुख्य आक्षेप हाच होय.

३

हा आक्षेप केवळ व्याकरणाचा राहत नाही, हे 'पी ०१७१'च्या उदाहरणावरून दाखवता येते. गॅरेजात हा कोड आला की पुष्कळदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. कारण साक्ष त्याने दिलेली असते. ज्याने बातमी आणली त्यालाच दोषी धरण्याचा हा प्रकार आहे. वस्तुतः या एका कोडामागे निदान चार भिन्न कारणे संभवतात : इनटेक मॅनिफोल्डला गळती असून न मोजलेली हवा आत शिरत असेल; इंधनपंप अशक्त असेल; हवा मोजणाऱ्या सेन्सरवर मळ बसून तो हवा कमी दाखवत असेल; किंवा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे धुराड्यालाच भेग असून बाहेरची हवा आत ओढली जात असेल. शेवटच्या प्रकारात मिश्रण मुळीच विरळ नसते. कोडातील शब्द तेथे सरळसरळ खोटा ठरतो.

याहूनही बोलके उदाहरण मिसफायरचे आहे. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही, तर त्यातले पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो. म्हणून धुराड्यातून कच्चे इंधन वाहत असताना संगणक 'मिश्रण विरळ' असे म्हणतो, आणि आणखी इंधन ओततो. आपल्याकडील मिस्त्री अशा वेळी 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. त्या बोलीत कारणाविषयी कसलाही दावा नाही. जे कानाला ऐकू आले तेवढेच तिने सांगितले. या प्रसंगी गॅरेजातील बोली ही अभियंत्यांच्या प्रमाणभाषेपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते, असे म्हणावे लागते.

नैयायिकांनी हा दोष फार पूर्वी ओळखला होता. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष आहे. पण अग्नीवरून धुराचे अनुमान केले तर ते फसते, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग हा उपाधी लागतो. 'कार्यक्षमता मर्यादेखाली, म्हणून उत्प्रेरक बाद' हे अनुमानही याच जातीचे सोपाधिक आहे. पुढचा सेन्सर मंदावलेला नसणे, धुराड्याला भेग नसणे, इंजिनाने तेल किंवा कच्चे इंधन उत्प्रेरकात लोटलेले नसणे, हे त्याचे उपाधी होत. ते न तपासता महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलला आणि मूळ मिसफायर तसाच राहिला, तर नवा कन्व्हर्टरही त्याच मार्गाने जातो.

उपाधी तपासण्याची सामग्री मात्र त्याच संहितेत आहे, आणि हेच या विवेचनातील निर्णायक सूत्र होय. पहिल्या मोडात इंधन-दुरुस्तीचे आकडे मिळतात. दीर्घकालीन दुरुस्तीच्या अंकातून १२८ वजा करून १०० ने गुणावे व १२८ ने भागावे, की टक्केवारी येते. समजा, गाडी उभी असून इंजिन मंद चालते आहे आणि अंक १५२ येतो. म्हणजे अधिक १८.७५ टक्के. फेरे २५०० पर्यंत वाढवले असता तो १३२ वर उतरतो. म्हणजे अधिक ३.१ टक्के. हवेची गळती जवळपास तेवढीच राहते, पण इंजिन ओढत असलेली एकूण हवा वाढल्याने तिचे प्रमाण नगण्य होते. अतएव दोष मॅनिफोल्डच्या गळतीकडे बोट दाखवतो. याउलट भार वाढताना दुरुस्तीही वाढत गेली, तर इंधनपुरवठा अपुरा आहे किंवा हवा कमी मोजली जात आहे, असा संशय बळावतो. दुसऱ्या मोडातील गोठवलेली स्थिती सांगते की कोड उभ्या गाडीत पडला की घाटात. सहाव्या मोडात, नव्या गाड्यांत, सिलिंडरवार मिसफायरची मोजणीही मिळते. जो अर्थ एका पदात नाही, तो संदर्भात आहे. वाक्यार्थ पदांच्या परस्परसंबंधातून निघतो, ही साधी गोष्ट कोडाच्या वाचकाने विसरू नये.

४

येथे संहितेच्या बाजूने एक उत्तर संभवते. कोड हे चाचणी फसल्याचे वृत्त आहे. कोणता भाग बदलावा याचा आदेश ते देत नाही. मग वाचकाच्या उतावळेपणाचा दोष संहितेवर का लादावा? या उत्तरात तथ्य आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. सहाव्या मोडात निकालाचे आकडे असले, तरी 'कॅन'पूर्व गाड्यांत त्या चाचण्यांचे क्रमांक आणि मोजपट्टी कंपनीने स्वतः ठरवलेली असे. कंपनीच्या पुस्तिकेवाचून ते आकडे मुके राहत. म्हणजे निष्कर्ष सर्वांना खुला आणि पुरावा निवडकांना, अशी ही विभागणी होती. दुसरे असे की, चौथ्या मोडाने कोडासोबत गोठवलेली स्थिती, चाचण्यांचे निकाल आणि चाचण्या पूर्ण झाल्याची नोंद हे सर्वच पुसले जाते. दिवा घालवण्यासाठी पुरावा जाळणे, हे या भाषेने एका आज्ञेइतके सोपे करून ठेवले.

या दुसऱ्या दोषाची जाणीव संहिताकारांनाही झाली. म्हणून दहावा मोड आला. त्यातील कायम कोड चौथ्या मोडाच्या आज्ञेला दाद देत नाही. संबंधित चाचणी पुन्हा चालून निर्दोष ठरली, तरच संगणक तो स्वतः काढतो. कॅलिफोर्नियाच्या 'स्मॉग चेक' तपासणीत १ जुलै २०१९ पासून हे कायम कोडही विचारात घेतले जातात. तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून यावयाच्या युक्तीला त्यामुळे पायबंद बसला.

तरीही साक्षीची एक मर्यादा उरतेच. २००० व त्यानंतरच्या मॉडेल-वर्षांच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची कॅलिफोर्नियात २०१५ पासून होणारी तपासणी मुख्यतः याच साक्षीवर चालते. धुराड्यात नळी घालून वायू मोजला जात नाही. आणि त्याच वर्षी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर नियमभंगाची नोटीस बजावली. तिच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावली प्रयोगशाळेतील चाचणी ओळखत होती, आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मानकाच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर सोडत होती. हे उघडकीस आणण्याची वाट कोडांतून गेली नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोजणीचे उपकरण गाडीवर लादून प्रत्यक्ष रस्त्यावर वायू मोजला, तेव्हा विसंगती दिसली. ज्याने इंजिनाची आज्ञावली लिहिली त्यानेच निदानाचीही लिहिली; अशा साक्षीदाराकडून मालकाविरुद्ध जबानीची अपेक्षा धरणे व्यर्थ होते. शब्दप्रमाण हे आप्तवचन असले तरच प्रमाण, हा दंडक येथेही लागू पडतो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जनाची कसोटी लावण्यात आली, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. अनुमानाला अधूनमधून प्रत्यक्षाची जोड हवी.

२०२१ मध्ये 'जे १९७९-२' हे नवे मानक प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार ते २०२७ च्या मॉडेल-वर्षापासून अनिवार्य ठरते. त्यात दहा मोडांची जुनी चौकट जाऊन वेगळी प्रश्नोत्तररचना येते, आणि प्रत्येक कोडाला आठ खुणांची एक स्थितिदर्शक जोड मिळते : चाचणी आत्ता फसली आहे काय, दोष प्रलंबित आहे की निश्चित, पुसल्यानंतर चाचणी पुरी झाली आहे काय, इत्यादी. हे काळाचे आणि निश्चयाचे प्रत्ययच होत. जुन्या नामवाक्यांना क्रियापद मिळाले, असे म्हटले तरी चालेल. मात्र ज्ञान प्रत्यक्ष की अनुमित, हे सांगणारा प्रत्यय याही व्याकरणात नाही.

५

तो प्रत्यय भाषांतरात घालता येतो, आणि येथे मराठीचे काम सुरू होते. तंत्रशिक्षणाच्या वर्गांसाठी या कोडांचे मराठी अर्थ जेव्हा तयार होतील, तेव्हा इंग्रजी नामवाक्याच्या जागी संस्कृत नामवाक्य बसवून समाधान मानू नये. 'उत्प्रेरक-कार्यक्षमता-न्यूनता' या समासाने विद्यार्थ्याच्या ज्ञानात भर पडणार नाही. किंबहुना मूळचा दोष अधिक घट्ट होईल. मराठीला 'आहे', 'आढळले', 'दिसते', 'असावे' अशी निश्चयाची उतरंड सहज साधते. 'पी ०११८'साठी 'शीतक-सेन्सरच्या मंडलात दाब जास्त आढळला' असे म्हणावे. 'पी ०१७१'साठी 'धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण विरळ दिसते' असे म्हणावे. आणि 'पी ०४२०'साठी 'दोन सेन्सरांच्या तुलनेवरून उत्प्रेरक क्षीण झाला असावा' असे म्हणावे. शब्द चार वाढतील. पण ज्या विद्यार्थ्याने 'असावा' वाचले, तो सुटा भाग मागवण्यापूर्वी पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या मोडाकडे वळेल, अशी आशा धरता येते.